मुठीवरची पांढरी पट्टी

कोल्हापूर

चि. भाचेराव,

तू पाठवलेलं दुकानाचं कोटेशन मामीनं मोबाईलवर मोठं करून दाखवलं. फ्री-फ्लो सायलेन्सर, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर आणि इंजेक्शनच्या वायरिंगमध्ये घालायचा एक डबा. खाली दुकानदाराच्या अक्षरात ओळ : ‘पिकअप + ॲव्हरेज दोन्ही वाढणार.’ त्या अधिक चिन्हामुळं हे पत्र लिहायला बसलोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि मनातल्या मनात नट सोडवायला घेतलेले असतात.

म्हातारा आता नको म्हणणार, असं तुला वाटलं असेल. कुठल्या तोंडानं म्हणू? १९९१ साली मी एक आरएक्स १०० घेतली होती, सेकंडहँड, काळी. ९८ सीसी आणि ११ घोडे. आजच्या हिशेबानं काहीच नाही, पण वजनाला हलकी आणि टू-स्ट्रोक, त्यामुळं सिग्नल सुटला की बुलेटवाला आरशात दिसायचा. एवढ्यावर माणसानं समाधान मानावं की नाही? पण लेथ आपलीच, कानस आपलीच, आणि विचारायला मोठं माणूस जवळ नव्हतं. कुणीतरी सांगितलं, एक्झॉस्टचा पोर्ट वरून घास, सायलेन्सरच्या आतलं सगळं कापून टाक, कार्बोरेटरला मोठा मेन जेट बसव. तिन्ही केलं, एका रविवारात.

गाडी बदलली यात शंका नाही. वरच्या आरपीएमला किंचाळत सुटायची. पण खालचा दम गेला. डबलसीट चढाला लागली की दुसऱ्या गिअरमध्ये रडायची, हाफ क्लचवर ओढत न्यावी लागायची. ॲव्हरेज चाळिशीतून अठ्ठावीसवर आलं. मग मी आणखी शहाणपणा केला. ॲव्हरेज परत आणायला मेन जेट दोन नंबर लहान टाकला. आठ दिवस खूश होतो. नवव्या दिवशी पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढावर रेस पूर्ण पिळलेली असताना इंजिनचा आवाज एकदम कोरडा झाला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम. डाव्या हाताची दोन बोटं सवयीनं क्लचवर होती, म्हणून थोडक्यात निभावलं. सिलिंडर काढला तर पिस्टनची एक्झॉस्टकडची कड वितळून भिंतीला चिकटलेली.

काय झालं होतं ते तुझ्यासारख्या इंजिनिअरला एका ओळीत कळेल. मी हवेची वाट मोठी केली आणि पेट्रोलची वाट लहान केली. मिश्रण पातळ झालं, जाळ जास्त तापला, आणि आत येणारं पेट्रोल जो थंडावा देतं तोही कमी झाला. कार्बोरेटर बिचारा काही बोलत नाही. जेवढ्या मापाचा जेट, तेवढं पेट्रोल.

पण सायलेन्सर मोकळा करून खालचा दम का गेला, हे मला तेव्हा कळलं नाही. ते कळायला दहा वर्षं गेली, आणि कळलं ते रद्दीत मिळालेल्या एका मासिकातून. पूर्व जर्मनीत त्शोपाऊ नावाच्या गावी एमझेड कंपनीचा कारखाना होता. तिथं वॉल्टर काडेन हा इंजिनिअर रेसिंगच्या टू-स्ट्रोक गाड्यांवर काम करायचा. युद्धाच्या काळात हा माणूस पेनेम्युंडेच्या रॉकेट केंद्रात होता. त्यानं ओळखलं की एक्झॉस्ट म्हणजे नुसता धूर बाहेर टाकायची नळी नव्हे. पोर्ट उघडला की दाबाची एक लाट नळीतून पळत जाते. नळी पुढं फुगीर आणि मग निमुळती केली तर तीच लाट आपटून परत येते आणि पोर्टमधून निसटू बघणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हे सगळं साडेसात हजार आरपीएमला आठ मिलिसेकंदांच्या एका फेऱ्यात. नळीची लांबी थोडी चुकली की लाट उशिरा पोचते आणि दार बंद झालेलं असतं. काडेननं १२५ सीसीतून २५ घोडे काढले होते. १९६१ साली त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडं गेला, ती विद्या डोक्यात घेऊन सुझुकीकडं पोचला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीनं ५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. ज्या नळीच्या आकारासाठी माणसं देश सोडत होती, तिच्या आतलं मी उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजात हॅक्सॉनं कापून भंगारात टाकलं होतं. किलोवर.

तुझी गाडी फोर-स्ट्रोक आहे, तिथं लाटेचं काम इतकं टोकाचं नाही. पण एक्झॉस्ट आणि इनलेट व्हॉल्व्ह काही क्षण दोन्ही उघडे असतात, आणि त्या क्षणी नळीतला दाब काय आहे यावर आत किती ताजी हवा राहील हे ठरतं. म्हणून सायलेन्सर म्हणजे इंजिनचाच एक भाग, बाहेर लटकवलेला दागिना नव्हे.

आता तुझ्या अधिक चिन्हाकडं येतो.

इंजिन पेट्रोल पितं असं आपण म्हणतो. वजनानं बघितलं तर ते हवाच खातं. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे लिटरमागं नऊ हजार लिटरच्या आसपास. जोर पाहिजे असेल तर जास्त हवा आत घ्यायची आणि तिच्या हिशेबानं पेट्रोल द्यायचं, खरं तर हिशेबापेक्षा थोडं जास्तच, कारण पूर्ण ताकद मिळते ती साडेबारा-तेराला एक या मिश्रणावर. ॲव्हरेज पाहिजे असेल तर दुसऱ्या टोकाला, पंधरा-सोळाकडं जायचं.

पण हे मिश्रणाचं झालं. खरी गंमत तुझ्या उजव्या मुठीत आहे. तू आणि गाडी मिळून दोनशे-सव्वादोनशे किलो. सपाट रस्त्यावर पन्नासच्या स्पीडनं जायला तुला दोन-अडीच घोडे पुरतात. ऐंशीला सहाएक. शंभरला मात्र अकरा-बारा, कारण हवा कापायला लागणारी ताकद स्पीडच्या घनानं वाढते. तुझ्या दीडशे सीसीत चौदा घोडे आहेत. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्यातले बारा दिवसभर तबेल्यात उभे असतात, आणि तू साडेसतरा हजार देऊन पंधरावा आणायला निघालायस.

बरं, ते बारा घोडे तू उभे कसे ठेवतोस? रेस कमी पिळून. म्हणजे थ्रॉटलची चकती जवळपास बंद ठेवून. पेट्रोल इंजिनचं नाक दाबूनच त्याला हळू चालवता येतं. तू पावपट मूठ पिळतोस तेव्हा हवेच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडथळा फिल्टर नसतो की सायलेन्सर नसतो, ती चकती असते. पाटाचं दार चार बोटं उघडायचं आणि पाणी कमी येतं म्हणून पाट रुंद करत बसायचं, हे काम तुझ्या आजोबांच्या गड्यानंसुद्धा केलं नसतं. दार पूर्ण उघडल्यावर पाटाची रुंदी मोजायची. म्हणजे मोकळ्या फिल्टरचा आणि मोकळ्या सायलेन्सरचा उपयोग असलाच तर रेस पूर्ण पिळल्यावर. ॲव्हरेज ठरतं ते पावपट रेसवर. दोघांचा मुक्काम वेगळ्या गावी, आणि दुकानदार एकाच तिकिटात दोन्हीकडं पोचवतो म्हणतोय.

हे माझं गॅरेजमधलं तत्त्वज्ञान नव्हे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ साली इंजेक्शनच्या मोटारींना मुद्दाम कोंदलेले फिल्टर लावून तपासलं. ॲव्हरेजमध्ये दखल घेण्यासारखा फरक पडला नाही. पूर्ण रेसवरचा पिकअप मात्र घटला. कोंदलेल्या फिल्टरनं जर ॲव्हरेज पडत नाही, तर मोकळ्यानं ते वाढणार कसं?

शंकूच्या फिल्टरबद्दल आणखी एक. कंपनीचा फिल्टर डब्यात बसवलेला असतो आणि तो डबा सीटखालून गार हवा ओढतो. तुझा शंकू इंजिनच्या शेजारी उघडा बसणार. हवा तीन डिग्री तापली की साधारण एक टक्का विरळ होते. सिग्नलला उभा राहिलास की तिथली हवा वीस-तीस डिग्रीनं सहज तापते. हिशेब तूच कर. फोटोत तो लाल शंकू फार देखणा दिसतो, हे कबूल. पण धूळ अडवायचं मूळ काम त्याला किती जमतं यावर तुझ्या रिंगांचं आयुष्य आहे. तेल मारलेल्या कापडी जाळीची निगा राखणारं पोरगं मी छत्तीस वर्षांत एकच पाहिलं, आणि ते पुढं दाताचं डॉक्टर झालं.

सायलेन्सरचं बघ. तुझी गाडी बीएस-सहा, म्हणजे २०२० नंतरची. तिच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, प्लॅटिनम गटातल्या महाग धातूंचा मुलामा दिलेला. फ्री-फ्लो म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा तोच गायब असतो. मग राहतो तो आवाज, आणि आवाजाइतकी लबाड गोष्ट दुसरी नाही. गॅरेजात पोरं असली पुंगळी लावून यायची आणि ‘मामा, गाडी उडते’ म्हणायची. मी स्टॉपवॉच द्यायचो. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीस ते सत्तर, तीनदा जाताना, तीनदा येताना. मग कंपनीचा सायलेन्सर लावून पुन्हा तेच. बहुतेकांचा आकडा होता तिथंच निघायचा, दोघातिघांचा तर उलटा. एक पोरगा घड्याळच बिघडलंय म्हणून भांडला. त्याचं चूक नव्हतं; कानाला जे पटतं ते घड्याळाला पटवणं अवघड.

राहिला डबा. तुझ्या गाडीच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर आहे. गाडी रेंगाळत चाललेली असताना तो दर क्षणी धुराची चव घेतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो : पेट्रोल वाढव, कमी कर. त्यामुळं मिश्रण १४.७ च्या आसपास खेळत राहतं. तू फिल्टर बदललास तरी पावपट रेसवर तो पुन्हा तिथंच आणून ठेवणार. डब्याला काही करायचं असेल तर या सेन्सरला खोटं सांगावं लागतं, किंवा जिथं ईसीयू त्याचं ऐकत नाही, म्हणजे पूर्ण रेसवर, तिथं पेट्रोल वाढवावं लागतं. यातलं दुसरं कधी कधी खरोखर उपयोगाचं असतं. प्रदूषणाच्या नियमात बसवायला कंपनीनं काही ठिकाणी मिश्रण पातळ ठेवलेलं असतं, गाडी तिथं झटके देते, आणि चांगल्या हाताच्या माणसानं डायनोवर, म्हणजे जोर मोजायच्या यंत्रावर, बसून पेट्रोलचा मॅप सुधारला तर ती लोण्यासारखी चालते. मी अशी कामं पाहिलीत आणि त्यांना नावं ठेवणार नाही. पण ते तुझ्या गाडीवर आकडे बघत अर्ध्या दिवसाचं काम आहे. पंधरा मिनिटांत दोन वायरी जोडून होत नाही. आणि इतकं करून दीडशे सीसीत माझ्या पाहण्यात मिळतो तो एखादा घोडा, आठ हजार आरपीएमच्या पुढं.

मग जोर आणि ॲव्हरेज एकत्र कधीच वाढत नाहीत का? वाढतात. तुझ्या पुण्यातच वाढलेत. २००३ साली बजाजनं पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले. जाळ दोन्हीकडून निघाला, त्याला कमी अंतर कापायचं राहिलं, मिश्रण लवकर आणि पुरतं जळायला लागलं. घोडेही वाढले आणि ॲव्हरेजही. तसंच कॉम्प्रेशनचं : ९ वरून १० केलं तर कागदावर तेवढ्याच पेट्रोलात तीन टक्के काम जास्त मिळतं. म्हणजे दोन्ही पाहिजे असतील तर जळणं सुधारावं लागतं, आणि जळणं इंजिनच्या पोटात सुधारतं, नळीच्या टोकाला नाही. ते करायला हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणारे कारागीर आपल्याकडं आहेत. पण साध्या पेट्रोलवर त्याला मर्यादा आहे. ती ओलांडली की ठिणगीचा जाळ पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, इंजिन खडखडतं, आणि पुढं काय होतं ते तुला वाघबीळच्या चढावर सांगितलंच.

हो, एक गैरसमज जाता जाता. बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला की गाडी ‘मोठी’ होते असं तुझे मित्र म्हणत असतील. पन्नास मिलिमीटरच्या बोअरला अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज म्हणजे ९७ सीसीचे ९९. दोन सीसी! जोर वाढल्यासारखा वाटतो तो नव्या रिंगा दाब धरतात म्हणून. गेलेलं परत आलेलं असतं.

गेलेलं परत आणण्यावरून आठवलं. ॲव्हरेज ४८ वरून ४३ वर आलं म्हणालास. त्यातलं काही पंपावरूनच आलंय. आता मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, म्हणजे एकूण सहा-सात टक्क्यांची तूट. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या दुचाकींसाठी तीन-चार टक्के घट धरली होती. काही का असेना, आपल्याच शिवारातला ऊस तुझ्या टाकीत जळतोय, तेव्हा फार कुरकुर करू नको. घरात त्याचं बिल येतं. उरलेली तूट शोध : टायरची हवा, चेनचा ताण, घासणारा ब्रेक, आवळलेला टॅपेट. टॅपेट घट्ट असला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. या सगळ्याचं बिल पाचशेच्या आत.

आणि मीटरवर दिसणारं ॲव्हरेज मला सांगू नको. सेंटर स्टँडवर लावून टाकी गळ्यापर्यंत भर, अडीचशे-तीनशे किलोमीटर चालव, त्याच पंपावर तशीच पुन्हा भर, आणि भाग दे. एका टाकीवर काही ठरत नाही. चार टाक्यांचं लिहून ठेव. पुढं स्प्रॉकेट किंवा टायर बदललास तर ओडोमीटरसुद्धा खोटं बोलू शकतं, स्पीडचा सेन्सर कुठं बसवलाय त्यावर. ‘टायर बदलल्यावर ॲव्हरेज वाढलं’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचे किलोमीटरच वाढलेले असतात. पेट्रोलच्या नळीला लावायची लोहचुंबकं तर विसरूनच जा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं असली शंभरावर साधनं तपासली, ॲव्हरेज लक्षात येण्यासारखं वाढवणारं त्यांना त्यात सापडलं नाही.

कायद्याचं तुझी आई सांगेलच, मी थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात मूळ रचना बदलायला बंदी आहे, जप्त केलेल्या पुंगळ्या रोड रोलरखाली जाताना तू पेपरात पाहिल्याच असशील, आणि अपघात झाला की विमावाले पहिल्यांदा गाडीखाली वाकून बघतात. तुझ्या रूममेटच्या डिझेल जीपचं विचारलं होतंस. तिथं जोराचं गणित वेगळं आहे. टर्बोचा दाब सॉफ्टवेअरनं वाढवता येतो, त्यामुळं जोर खरंच वाढतो, कानाला नाही तर चाकाला. मात्र तो क्लच आणि टर्बोच्या आयुष्यातून उसना घेतलेला असतो. त्याला सांग, आधी क्लचप्लेटची किंमत विचारून ये.

तुझ्यापुरतं एक काम सांगतो. पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा घे. रेस सोडलेली असताना मुठीच्या वरच्या बाजूला तो लाव, आणि शेजारी स्विचच्या डब्यावर पेनानं तीन रेघा मार : पाव, निम्मी, पूर्ण. आठवडाभर ऑफिसला जा-ये कर आणि पट्टी निम्म्याच्या पुढं किती वेळा गेली ते रोज रात्री लिहून ठेव. सिग्नलला बघ, चालवताना खाली बघू नको. रोज वीस-पंचवीस वेळा गेली तर मीच तुला डायनोवाल्याचा पत्ता देतो आणि निम्मे पैसेही. दोन-चार वेळा गेली तर दुकानदाराला काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

गणपतीला येशील तेव्हा गाडीवरच ये. पुणे ते इथं २३० किलोमीटर, एका टाकीचा आकडा आपोआप मिळेल. खंबाटकीला पट्टी कुठं असते तेही बघ.

मामी मोदकांचं विचारतेय, तळणीचे की उकडीचे, ते कळव.

तुझा,
मामा

ता. क. : तो पिस्टन अजून आहे. पालथा घालून मी त्यात पेनं ठेवतो. हे पत्र लिहिलं ते पेन त्यातलंच. आलास की हातात देतो. एक्झॉस्टकडची कड बोटानं चाचपून बघ, अजून खरखरीत लागते.